आतून उत्तर देऊ नये

नाही हो साहेब, दारावरची बेल नव्हे — बेल कुठली आमच्या डोंगरात — आधी मुसळ थांबायचं. आई मागच्या अंगणात मका कांडायची, आणि तो कांडण्याचा आवाज एकदम थांबल्याचा आवाज, असं म्हणा हवं तर, तो अजून माझ्या कानात आहे. वाटेवरून कुणी आलं की कुंपणापाशी उभं राहून म्हणायचं, 'ओने!' — घराला मान असो. की मुसळ थांबलंच. आणि मग मागून आईचा आवाज, जरा लांबवलेला, 'रेस्पेऽऽ' — आदर आहे, या. त्याशिवाय कुणी आत पाऊल टाकत नसे. तुमच्याकडे राजधानीत लोखंडी फाटकं, कुत्री, तिथं हे राहिलं नसेल. पण आमच्यात हाक आल्यावर उत्तर न देणं म्हणजे — माझे आजोबा, खाटेवर शेवटचे श्वास मोजत होते, बाहेरून कुणी 'ओने' म्हटलं, तर 'रेस्पे' म्हणाले आणि मग गेले. पाहुणा बिचारा हसत आत येतो तर हे असं. हसा, हसा. आम्हीही हसायचो.

जेवा तुम्ही, माझ्यामुळे थांबू नका. तळलेली केळी गार झाली की चामडं होतात. नको, मला नको — बरं, एक द्या. हे कोबीचं तिखट कुणी केलंय? घरचं? तरीच. इकडच्या डोमिनिकन लोकांना नाही जमत असं. ह्या बदामाखाली बसलो म्हणून तुमच्या फाटकावरच्या माणसानं मला दोनदा उठवलं, मग त्यालाच कंटाळा आला. तो आपलाच, हैतीचा, पण माझ्याशी स्पॅनिशमध्ये बोलतो. मी म्हटलं, लेका, तुझी आई ऐकेल तर कान उपटेल. तर म्हणतो, 'म्हातारबा, वकिलातीत आवाज नको.' आवाज! समोर एवढ्या बायका उन्हात उभ्या आहेत सकाळपासून, एकीनं तरी आवाज केलाय का?

तर माझं काम एवढंच आहे. माझी मुलगी सोलानेत. काल सकाळी इकडच्या पोलिसांनी तिला आमच्या ऊसतोड्यांच्या वसाहतीतून नेली, कागद नाहीत म्हणून, पिंजऱ्याच्या गाडीत घालून. आता गावाबाहेरच्या त्या कोंडवाड्यात आहे. उद्या सकाळी गाडी सरहद्दीच्या पुलावर जाते — तुम्हाला मी काय सांगायचं — पलीकडे आपल्या देशात उतरवून देतात. आणि तिचं तान्हं इकडे, शेजारच्या क्लेरमीनकडे. बाटली तोंडात घेत नाही, क्लेरमीन कापसाच्या बोळ्यानं साखरपाणी चोखवते. तुमच्यातला एक जण तिथं फाटकावर जाऊन म्हणाला, ही आमची आहे, अंगावर पाजणारी आहे, कागद होईपर्यंत सोडा — तर सोडतात. सोडतात हो, आमच्या वसाहतीतल्या एकीला सोडली, तुमचाच माणूस गेला होता. पण म्हणे जन्म आपल्या देशातला असला तरच 'आमची' म्हणता येतं. तर तिचा तिकडचाच. लास्काओबास गावची ती. जन्म लास्काओबासचा. क्लेरमीननं मला तीनदा — नाही, क्लेरमीनचं काही नाही त्यात. मीच सांगतोय. लास्काओबास.

कॉन्सलसाहेब आहेत का आत? तुम्हीच बोललात त्यांच्याशी तर — मला ओळखतील ते. ओळखतील का? झेंड्याच्या दिवशी आले होते आमच्याकडे. आम्ही बकरा कापला, पोरींनी निळे-लाल फ्रॉक घातले. काय सुंदर बोलले! तुम्ही मातृभूमीची लेकरं, तुमच्या केसाला धक्का लागला तर मी आहे. बायका रडल्या, मी रडलो. मग मी हळूच विचारलं, साहेब, पिंजऱ्याची गाडी येते, कोयता हातातून सोडायच्या आत माणूस आत टाकतात, त्याचं काय? तर माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, 'बाबा, आम्ही निवेदन दिलंय.' झालं, आमच्यात तो बोलच पडून गेला. भात करपला — निवेदन दिलंय. कोंबडी कुणी पळवली — निवेदन दिलंय. सोलानेत तर त्यांची नक्कल करायची, पोट पुढं काढून, खांद्यावर हात ठेवून. फार हसवायची हो. रागावू नका. पोर आहे.

आणि हुशार आहे, वेंधळी नाही. तुम्ही म्हणाल मग सापडली कशी? सांगतो ना. आधी ते पोलीस दार लाथेनं उघडायचे. लाथेचा आवाज एका खोलीवर झाला की दहा खोल्यांतली माणसं मागच्या मागं उसात. आता शिकलेत. आता दाराबाहेर उभं राहतात, टोपी काढत असतील, मला वाटतं, कारण आवाज इतका गोड — आणि म्हणतात, 'ओने!' आपल्या बोलीत. इकडचा माणूस आतून 'कोण आहे?' विचारील. आपलं माणूस काय म्हणेल? आम्ही सगळ्यांनी ठरवलं होतं, दारावर कुणीही येवो, आतून उत्तर द्यायचं नाही. सोलानेतच सगळ्यांना सांगत फिरली होती, म्हाताऱ्यांना दटावत होती, मला तर रोज. आणि काल मी मागं कॉफी गाळत होतो, ती लेकराला घेऊन बसलेली, अर्धी झोपेत. बाहेरून आलं, 'ओने!' आणि हिच्या तोंडून — विचार करायच्या आधीच जातं हो ते — 'रेस्पेऽऽ'.

लेकरू तिनं खाटेवर ठेवलं, उशी लावली. तेवढा वेळ दिला त्यांनी.

मला सारखं तेच ऐकू येतंय. काय म्हणाली होती! थेट माझ्या आईसारखं, तसंच शेवटी लांबवलेलं. मी शिकवलं नाही तिला तसं, माझं तर तोकडं असतं. रक्तातच असणार, नाहीतर बघा ना, आजीला तिनं पाहिलं नाही, तो डोंगर पाहिला नाही, पूल कधी ओलांडला नाही, आणि तरी —

म्हणजे लहान होती. अगदी लहान असताना आणली मी. तिला आठवत नाही, असं म्हणायचं होतं मला.

असं बघू नका, बाळा. मला नाही जमत. क्लेरमीन म्हणालीच होती, तू कमी बोल, नाव सांग, गाव सांग आणि गप्प बस. तीही बाजूला उभीच होती तेव्हा, फडाच्या कडेला, उसाच्या पाचटावर गोधडी टाकली होती, मुकादम ओरडत होता की गाडी भरायची राहिली, आणि ही माझ्या ह्या दोन हातांत जन्मली — इथंच हो. इथलीच. झालं समाधान? पण इथले म्हणतात ती तिकडची. तुम्ही म्हणता इथली. मग त्या पोरीनं उभं कुठं राहायचं, पुलाच्या मध्यावर?

तुम्ही लिहू नका काही. नुसते जा, 'आमची' म्हणा, एक शब्द, कोण बघतंय तुमचं आमचं — तुम्हालाही लेकरं असतील. डबा का झाकलात? अजून आहे त्यात. बरं, उठा, उठा, तुमची वेळ झाली असेल. नका जाऊ त्या कोंडवाड्यावर. पण एवढं सांगून जा — उद्या तिला पलीकडे उतरवल्यावर तिनं कुणीकडे वळायचं? कुणाचं नाव घेऊन वाट विचारायची? तिकडे आता आमचं कुणी — साहेब, जरा थांबा, तिथपर्यंत ऐकू येत नसेल तुम्हाला, मला इथं वकिलातीत मोठ्यानं बोलता येत नाही —