चहा निवतोय

मंडळी, ऐका! माझ्या थोरल्या नातीचं बारसं झालं, त्या सालची ही गोष्ट. पण आधी एक सवाल घ्या — कीर्तनात गोंगाट कोणता आणि भक्ती कोणती? हे निवडणार कोण? मी? तुम्ही? ...अहो, त्या खोकणाऱ्या बाबांना दटावू नका, बसू द्या!

पाटणच्या खोऱ्यात हैबती नावाचा जीपवाला. मला गावोगावच्या कीर्तनाला तोच न्यायचा. जीपमध्ये जुना टेप आणि टेपात एकच कॅसेट — माझ्याच कीर्तनाची! त्याच्या अंगणात झालेलं कीर्तन, त्याच्या बायकोनं, गोजराबाईनं, भरून घेतलेलं. गोजराबाई पुढं वारली. हा मात्र रोज तीच कॅसेट लावायचा! मला वाटायचं — केवढी ही माझ्या वाणीवर श्रद्धा! मंडळी, बुवाला फुगायला पंप लागत नाही!

दसऱ्याला त्याचा मुलगा उत्तम आला. “आबा, हा डबा नुसता घरघरतोय. डिजिटल प्लेअर बसवू. महाराजांचं कीर्तन त्यातच भरून घेऊ.”

“नगं रं. चाललंय की.”

मध्ये कोण पडलं? मी! “हैबती, पोर हौसेनं करतंय, मोडता घालू नको!” उत्तमबरोबर दुकानात गेलो. दुकानदाराला बजावलं — “माझा आवाज तेवढा ठेव. मधला गोंगाट काढून टाक!” त्यानं काढला. टेप आणि कॅसेट गेली भंगारात. तेही माझ्याच सांगण्यावरून!

आठवड्यानं जीपमध्ये बसलो. आवाज कसा — घंटेसारखा! अभंग रंगात आला आणि हैबतीनं गाडी हळू केली. पुटपुटला, “आलो गं.”

“कुणाला रे?”

“काय न्हाई, महाराज.”

“सांग की!”

“हितं तिची हाक हुती. तुमचं कीर्तन रंगलेलं, आन् ही चुलीपासनं वरडली — ‘अहो, चहा निवतोय, या की!’ लोक हसले. तुमी रागावला हुता. तेवढाच तिचा आवाज उरला हुता बघा. माफी करा बुवा, तुमचं कीर्तन मी कधी नीट ऐकलंच न्हाई.”

मंडळी, तिथूनच जीप वळवायला लावली, भंगारवाल्याकडं गेलो. माल चार दिवसांपूर्वीच गेलेला. परतताना हैबती एवढंच म्हणाला, “उत्तमला सांगू नका. हौसेनं केलंय त्यानं.”

पुढं सात वर्षं त्याच्या जीपमध्ये बसलो. अभंगातल्या त्या जागी गाडी हळू व्हायची. “आलो गं.” रोज!

आता सांगा, त्या कीर्तनात देवाला हाक कुणी मारली — मी, की चुलीपाशी बसलेल्या बाईनं? घरी जाल, तेव्हा कुणी मधेच हाक मारेल. कुणी खोकेल. त्याला गोंगाट म्हणण्याआधी माझी ही चूक आठवा. बाबा, तुम्ही खोका. मी थांबतो.

हैबती गेल्या माघ वद्य अष्टमीला, सकाळी, आपल्या घरी वारला.