गोटी आंब्याखालची भाकरी

...नाही, पण मी काय म्हणतो, झाडाला नाव ठेवलंत ना, मग ते झाडावर लिहायला काय होतं? आमच्या कारखान्यात बघा, प्रत्येक दारावर पाटी. संडासावरसुद्धा पाटी! आणि मोशीला? अख्ख्या शिवारात आंबेच आंबे, प्रत्येकाला नाव, पाटी एकालाही नाही. मग माणूस चुकणार नाही तर काय करणार? चुकला बिचारा सयाजी. तुम्ही नाही ओळखत त्याला. आमच्याच खात्यात आहे, माझ्यासारखाच चिपळूणकडचा, त्यालाही मोठी मुलगी, धाकटा मुलगा... असू दे, सगळं सांगत बसलो तर तुम्हाला भलतंच वाटेल. ही सयाजीची गोष्ट आहे, माझी नव्हे.

तर त्याच्या शेजारच्या मशिनवर सोपानराव. मोशीचे जुने शेतकरी, घरचा मळा, आणि रोज सायकल हाणत कारखान्यात. ते एकदा म्हणाले, "सयाजीराव, पोरांस्नी घिऊन या की रविवारी मळ्यात. खोलीत कोंडल्यागत झाल्यात ती. शेपूआंब्याखाली भाकरी ठिवतो. मला मोटंवर उशीर झाला तर वाट बगू नका, खुशाल खावा. लाजायचं न्हाई. आन् फाट्यावर कुणाला तरी धाडतो, आंबा दावाया." आता गप 'बरं' म्हणावं की नाही? पण नाही, सयाजीचं कोकण जागं झालं! "कोकणच्या माणसाला आंबा दाखवायला माणूस धाडता, सोपानराव? अहो, आमची नाळ आंब्याखाली पुरलेली." आणि एवढ्यावर थांबला असता तरी चाललं असतं, पण बायकोनं रविवारी पहाटे उठून डबा भरला, तो यानं फडताळात परत ठेवला. "शेतकऱ्याच्या घरी डबा नेतात होय? अपमान होतो त्यांचा." ती म्हणाली, "पोरांपुरता तरी न्या." छे! अपमान होतो.

कासारवाडीहून एसटीनं मोशी फाटा, तिथून पांदीनं चालत. पौषातलं ऊन कोवळं, पोरं सुटली वासरांसारखी. रंभा आठ वर्षांची, चिमा चार. चिमानं ढेकळं फोडली, पाटात बसून घेतलं, एका शेळीनं त्याची टोपी थोडी खाल्ली. रंभा विचारते, "बाबा, हे हिरवं काय लावलंय?" बाबा म्हणतो, "लसूण." कांदा होता हो तो! समोर पंधरा बायका ओळीनं कांद्याची रोपं लावतायत आणि हा म्हणतो लसूण. पण बापानं 'माहीत नाही' म्हणायचं कसं? मी तर कधी म्हणत नाही. म्हणजे... सयाजी म्हणत नाही. त्याचीच गोष्ट चाललीय ना.

पुढं तीन आंबे. यानं पहिल्याचं पान तोडलं, चुरगाळलं, हुंगलं, डोळे मिटले आणि पोरांना सांगितलं, "हा शेपू." कशावरून? कशावरूनही नाही! तो सर्वांत जवळ होता आणि चिमाला कडेवर घेऊन खांदा मोडला होता. बरं, नशीबही कसं बघा, फांदीला खरंच फडकं बांधलेलं. "बघा, ठेवलीय की नाही भाकरी?" सोडलं. आत साडेतीन भाकऱ्या, लसणीची चटणी, एक कांदा.

आता हे सांगताना माझी... त्याची मान खाली जाते. तो काय म्हणाला ठाऊक आहे? "एवढंच? पाहुण्यांना बोलवायचं आणि चटणीत थेंबभर तेल नाही?" पोरांच्या देखत म्हणाला हो. आणि खाल्लं. फडकं चिमाच्या गळ्यात बांधलं, पुसायला. बांधावर एक पोर बसली होती, पाचेक वर्षांची, झिपरी, टक लावून बघत होती. सयाजीला दया आली! "ये गं, लाजू नकोस," म्हणून चतकोर तिच्या हातावर ठेवला आणि आपल्या पोरांना सांगितलं, "बघा, नेहमी वाटून खावं."

ऐकलंत? वाटून खावं म्हणाला.

इतक्यात बायका काम थांबवून हातपाय धुऊन आल्या. जिची तिची भाकरी जिच्या तिच्या फांदीला. एक बाई याच झाडापाशी आली, फांदीकडं पाहिलं, मग चिमाच्या गळ्याकडं पाहिलं. गोजाबाई तिचं नाव, ते मागून कळलं. ती पोर तिला जाऊन चिकटली, चतकोर अजून हातात तसाच.

"दादा, हितं भाकरी व्हती."

"होती... म्हणजे सोपानरावांनी शेपूआंब्याखाली..."

"सोपानतात्यांचा शेपू त्यो पल्याडला. ह्यो गोटी."

तुम्हाला सांगतो, शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. शिव्या पचतात. ती चिमाकडं बघून म्हणाली, "लेकरांनी खाल्ली ना? मंग वाया न्हाई गेली. तिखट लागली का रं?" आणि सकाळपासून वाकून कंबर मोडलेली बाई पुन्हा पाटावर गेली आणि त्याला पाणी आणून दिलं. रंभा बापाकडं बघायला लागली. बापाकडं बघू नये असं पोरांना कुणी शिकवतच नाही.

"आत्ता आणतो," सयाजी म्हणाला. "तिकडची भाकरी आणतो, इथंच थांबा, आत्ता आणतो." आणि निघालाही, एका हाताला रंभा, कडेवर चिमा. मनात खरंच होतं, देवाशप्पथ. पण शेपूआंब्याखाली बघतो तर घोंगडं अंथरलेलं, पितळी मांडलेल्या, सोपानराव धुतला सदरा घालून रस्त्याकडं डोळे लावून उभे. आता त्यांना जाऊन काय सांगायचं? तुमच्या मळ्यातल्या मजूर बाईचं जेवण मी खाल्लं, वर तेल कमी म्हणालो, आता तुमचं तिला द्या? पाय हो, पाय! पाय ऐकेनात. ते फाट्याकडं वळले. समोर एसटी आली, एरवी तासभर येत नाही, आणि सयाजी चढला. चिमाच्या गळ्यात ते फडकं तसंच.

सोमवारी सोपानराव मशिनवर. "का वो, आला न्हाईत?" हा म्हणाला, "चिमाला ताप भरला." धडधडीत! सोपानराव हळहळले आणि मग काय सांगतात, "बरं झालं म्हना. काल कुणी फाटक्या तोंडाचा बाबा आमच्या गोजाबाईची भाकरी खाऊन गेला. वर 'आत्ता आणतो' म्हणाला. ती बाई दिस कलंस्तवर म्हणत व्हती, येतील, लेकुरवाळा मानूस हाय, खोटं कशाला बोलंल?" आणि सयाजी काय म्हणाला? "काय एकेक माणसं असतात!" असं म्हणाला. सयाजी. मी नव्हे. मी असतो तर... तर मीही तेच म्हणालो असतो, सोडा.

आता ऐका पुढचं. परवा सोपानराव म्हणतात, "ह्या रविवारी याच. लागण उरकली, समद्यांस्नी जेवान हाय. रांधाय गोजाबाईच हाय." ताप पुन्हा आणावा म्हटलं तर घरी काय झालं होतं, चिमाचं ते फडकं धुवायला काढताना बायकोनं विचारलं, "हे कुणाचं?" आणि रंभानं सगळं सांगितलं. सगळं! लसणीसकट. बायको एक शब्द बोलली नाही. फडकं धुतलं, घडी घालून ठेवलं. बोलली असती तर बरं झालं असतं, म्हटलं ना, शिव्या पचतात. आठ दिवस घरात तेवढं एकच ऐकतोय, चिमा येताजाता म्हणतो, "आत्ता आणतो, आत्ता आणतो," आणि खोलीभर पळतो.

ऐकू येतंय का आतून? थप, थप, थप. नाही नाही, शेजारून नाही, आमच्याच घरातून. सांज झाल्यापासून थापतेय, तांदळाच्या, तीस तरी होतील. चटणीत तेल ओतलंय वाटीभर. टोपलीवर ते फडकं बांधणार आहे म्हणे.

तर असा हा सयाजी. त्याचं काय जातं हो, तो गोष्टीत बसून राहील खुशाल. उद्या टोपली डोक्यावर घेऊन गोटी आंब्याखाली मलाच जायचंय.