मिशीखालचा वण

ऋषिराज: मायाताई, सांगलीच्या छापखान्यात तुमची फ्लॉपी उघडली, पण मजकुराच्या जागी सगळं गिचमिड. 'लालासाहेब हरवले आहेत' ह्यातलं एक अक्षर वाचता आलं न्हाई.

माया: त्यांच्याकडं आपला मराठी फॉन्ट नसणार. थांब, पीडीएफ करून देते. त्यात अक्षरं शिदोरीसारखी बरोबर बांधून जातात. पण ही कॉम्प्युटरची मशीन जुनी, फोर-एटी-सिक्स. बघ, करायला लावली तर फोटोवर येऊन अडकली.

बनुबाई: मग कराडातच छाप की बाई. सोमवारपासनं माणूस घरात न्हाई.

ऋषिराज: आई, हितल्या समद्या छापखान्यांत लग्नपत्रिका लागल्यात. सांगलीवाला मामाचा दोस्त हाय, आजच छापतो म्हणलाय. आन आबांना गावातल्या एकानं मिरजेच्या स्टेशनावर बघितलंय. कागद तिकडंच लावायचेत.

माया: फोटो लहान करते. फेटा कापून नुसता चेहरा ठेवला, तर घेईल.

बनुबाई: फेटा कापायचा? आमच्या लेकीच्या, सृष्टीच्या लग्नातला हाय त्यो. जलमात एवढाच चांगला फोटो आला ह्यांचा.

ऋषिराज: फेट्याचं जाऊ दे. आजी गेली तवा दहाव्याला आबांनी डोकं, मिशी समदं काढलं. आता असं दिसतच न्हाईत ते.

माया: अरे, हे आधी सांगायचं ना. तुम्ही मिशीवाल्या माणसाला शोधत फिरताय.

ऋषिराज: भादरल्यावर फोटो कोण काढतंय?

माया: मी स्क्रीनवर मिशी पुसते.

बनुबाई: जित्या माणसाची मिशी पुसायची व्हय गं? आन भित्तीवर बघून ते सोताच थांबलं तर? ह्या मिशीलाच वळकत्यात ते. भादरून आलं आन आरशात बघून मला म्हणलं, "ह्यो पाव्हणा कवा आला? च्या दिलास का?"

ऋषिराज: आई, लोकांनी वळकायला पायजे. मी स्टेशनावर हमालांना ह्योच फोटो दावत बसलो. आबा माझ्या म्होरनं गेलं तरी कुणी सांगितलं नसतं. डोकं चालंना झालंय माझं.

बनुबाई: पूस बाई.

माया: काकी, बघा. ओठ असाच?

बनुबाई: वरचा जरा बारीक. डाव्या अंगाला कुस्तीतला वण हाय, मिशीखाली झाकत हुता... हां. ह्येच.

माया: वण खाली लिहिते. नावानं हाक मारली तर ओ देतात?

बनुबाई: न्हाई. नाव ध्यानातच न्हाई.

माया: मग ते थांबतील कसे? एका ओळीची जागा आहे अजून.

बनुबाई: रोज उठून चपला घालायचं. कुठं चाललाय इचारलं की म्हणायचं, बनूला आणाया. मी म्होरंच उभी आसायचे.

माया: काय लिहू, काकी?

बनुबाई: लिव्ह. "ह्यांना सांगा, बनू घरी आलीया."

(मशीन घरघरते. तिघेही पडद्याकडे बघत राहतात.)

माया: झाली. ह्या फ्लॉपीत फाईल, आणि ह्या तीन फ्लॉप्या ती उघडायच्या प्रोग्रामच्या. आधी ह्या चढवायला सांग. मग इथं दिसतंय तस्संच तिथं दिसेल.

ऋषिराज: आई, चल. तूबी चल सांगलीला. दोघं मिळून लावू कागद.

बनुबाई: न्हाई रं. मला घरला जायाला पाटणच्या येष्टीत बसीव. बनू घरी हाय म्हणून लिवलंय न्हवं.