चोपणातली हिरवी पापडी

बसा स्नेहलबाई, बांधावर बसा, आन् काय इचारायचं ते मलाच इचारा – न्हावऱ्यापासनं निमोण्यापातूर नुसत्या वासावर माती वळखणारा एकच गडी हाय, इब्राहिम. आता त्याच गड्याच्या रानात मीठ फुटलंय, ही गोष्ट येगळी. हसा की. माझी बेगम रोज हसती, तुम्ही तर कॉलेजातल्या.

हे पांढरं दिसतंय न्हवं, पीठ सांडल्यावानी? वरनं पाणी पडलं की ह्याचाच साबण होतो, बैल घसरतोय. चोपण म्हणत्यात ह्याला. कुणी केलं? वर बघा – तो ऊस. आनंदरावाचा. सोसायटीचा चेअरमन, सभेत हात जोडून बोलणार, आन् मोटर चालू करून गावात पत्ते कुटत बसणार. पाणी त्याच्या उसाला, पाझर माझ्या उरावर. मधी एक चर खणा म्हटलं, तर चार माणसांत म्हणतो, मामा, पाणी खालीच जाणार, मी काय त्याला जिना बांधू व्हय? समदे हसले. मीबी हसलो – मेल्यानं जोक चांगला मारला. घरी आल्यावर ताटातली भाकर तशीच बैलापुढं टाकली.

आन् आता आमचा अक्रम म्हणतो, अब्बा, रान मेलंय, माती वीटभट्टीला देऊ. उद्या सकाळी भट्टीवाला बघायला येणार. एकदा वरची माती गेली की र्‍हायला नुसता खड्डा – माझ्या बापानं हितं शाळू काढलाय, बाई! शिकलेल्याचं ऐकतो पोरगा, म्हणून तुम्हाला बसवून घेतलंय. त्याला सांगा, रान मेलं न्हाई, आनंदरावानं बुडवलंय.

पण तुम्ही काय करताय, तर ते शेवाळ डब्यांत भरताय. काय म्हणालात मघाशी – एका ढेकळात शेवाळाच्या एवढ्या जाती? कुणी मण्यांच्या माळंवानी, कुणी दोऱ्यावानी? घ्या. गावात जाती कमी पडत होत्या, आता मातीतबी निघाल्या.

मला इचारा ते काय हाय. त्या पाझराची घाण. पावसाळ्यात निळं-हिरवं, बुळबुळीत पसरतं, वाळलं की पापडी सुटती. दरसाल मी फावड्यानं खरवडतो, पाट्या भरतो, आन् चेअरमन मीटिंगला गेला की त्याच्या उसात नेऊन वततो. तुझी घाण तुला. त्याचा गडी बघतो आन् तोंड फिरवून हसतो. म्हातारा वाईट हाय म्हणा – हाय की. पण उसाला झालं काय? काय बी न्हाई. उलट त्याच कोपऱ्यातला ऊस काळाभोर, दीड पुरुष उंच. तिथंच माझं डोस्कं फिरतं. वरचाबी चेअरमनच्याच पार्टीचा दिसतोय. – का वो, डबा खाली का ठेवलात? बोला की, म्हाताऱ्याचं काय चुकलं?

“मामा, असलं रान सुधारायला आम्ही हीच पापडी पसरायला सांगतो. तुम्ही ती दरसाल त्यांना नेऊन देताय.”