वाढवलेली आठ चित्रं

सरांच्या शोकसभेला जमलेल्या सगळ्यांना नमस्कार. पाटोदकर काकू, तुम्हाला वेगळा नमस्कार. मी काय बोलणार ते सकाळीच तुमच्या घरी येऊन तुम्हाला सांगून गेले. तुम्ही म्हणालात, बोल. म्हणून उभी राहिले, नाहीतर आले नसते.

मला बोलणं अवघड जातंय. गळा भरून आलाय म्हणून नाही, तसं कुणी समजू नका. राग आलाय म्हणून. तासभर झाला, तिसऱ्या रांगेत बसून ऐकतेय. सर देवमाणूस होते. सर कुणाला कधी टाकून बोलले नाहीत. सरांनी आयुष्यात एक रेघ खोटी ओढली नाही. अहो, कुणाबद्दल बोलताय तुम्ही? त्या माणसाच्या वर्गात मी चार वर्षं बसलेय. माझे कागद त्यांनी माझ्यासमोर टराटरा फाडलेत. प्राचार्य साहेबांनी मला मघाशी बजावलं, दोनच मिनिटं बोल आणि चांगलं बोल. दोन मिनिटांत व्हायचं नाही साहेब. आणि चांगलं किती होईल ते सांगता येत नाही.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. मी धुरपता. शेवटच्या वर्षाला आहे. सिल्लोडकडची. आमचा बाप मेंढरं राखतो. या शहरात मुकुंदवाडीला खोली घेऊन राहते. पाटोदकर सर आम्हाला चित्रं हलवायला शिकवायचे. कागदावर काढलेला माणूस चालला पाहिजे, वाकला पाहिजे, आणि बघणाऱ्याला खरा वाटला पाहिजे. त्यासाठी आधी तक्ता करायचा. एका सेकंदाला बारा चित्रं. हात उचलायला किती, पाय टाकायला किती, थांबायला किती, सगळं आधी मोजायचं, तक्त्यात भरायचं, आणि मग पेन्सिल हातात घ्यायची.

शिकवायचे मात्र, हे मी नाही कसं म्हणू? वर्गात आले की छत्री आपटायचे आणि विचारायचे, छत्री पडायला किती चित्रं? कुणी म्हणायचं दहा, कुणी वीस. मग मला विचारायचे, मेंढी नाला ओलांडते तेव्हा हवेत किती चित्रं असते? मी न मोजता सांगायची. ते स्वतःच्या हातातलं, दाबलं की थांबणारं घड्याळ माझ्या हातात द्यायचे. म्हणायचे, घड्याळ खोटं बोलत नाही, तूही बोलू नकोस. हे वाक्य मघाशी तिघांनी इथं सांगितलं. खरं आहे, ते म्हणायचे तसं. लई वेळा म्हणायचे.

आता पुढचं सांगते. ते कुणी सांगितलेलं नाही.

गेल्या वर्षी चिकलठाण्याच्या एमआयडीसीतल्या एका कारखान्यानं कॉलेजला काम दिलं. नवीन भरती लई चालली होती. खेड्यातली पोरं रोज गेटावर उभी. त्यांना पत्रा कापायच्या प्रेसवर कसं काम करायचं ते दाखवणारी मिनिटभराची फिल्म पाहिजे होती. कारखान्याचे साहेब इथं पुढच्या रांगेत बसलेत, हार घेऊन आलेत. साहेब, उठू नका. तुमच्याबद्दल अजून सुरुवातसुद्धा केलेली नाही मी.

सरांनी ते काम माझ्याकडे दिलं. मी घड्याळ घेऊन आठ दिवस त्या खात्यात उभी राहिले. काम असं असतं. डाव्या हातानं पत्रा आत सरकवायचा, हात बाहेर घ्यायचा, पायानं पट्टी दाबायची, की वरून ठोका पडतो. पण तिथला एकही माणूस हात पूर्ण बाहेर काढून मग पाय दाबत नव्हता. हात निघता निघताच पाय दाबायचा. मी एकाला विचारलं, असं का? तो म्हणाला, ताई, तसं केलं तर दिवसाचे नग भरत नाहीत.

मी मोजलं. पुन्हा मोजलं. पाय दाबल्यापासून ठोका पडेपर्यंत सात चित्रं. हात निघायला सहा. मध्ये एक चित्र उरतं. म्हणजे तुम्ही डोळा मिचकावला की संपलं. मी जसं बघितलं तसं तक्त्यात भरलं आणि पेन्सिलीतली कच्ची फिल्म केली. आपले रशीदचाचा, जे कॉलेजचा कॅमेरा सांभाळतात, त्यांनी ती पडद्यावर लावली. हात निघतो आणि ठोका पडतो, हात निघतो आणि ठोका पडतो. चाचा मशीन बंद करून म्हणाले, "बेटी, ये तो किसी दिन हात खाएगी."

साहेब आले, त्यांनी बघितली आणि म्हणाले, हे फार भीतीदायक दिसतंय, पोरं पहिल्याच दिवशी पळून जातील. मी म्हटलं, मग हात पूर्ण बाहेर काढून, थांबून, मग पाय दाबलेला दाखवते. तेच बरोबर आहे ना? तर साहेबांना तेही नको. तसं दाखवलं तर उद्या प्रत्येक जण तसंच काम करायला लागेल, आणि नग कुठून भरायचे? मग काय दाखवायचं? साहेब सरांकडं बघायला लागले. सर माझ्या तक्त्याकडं बघायला लागले. आणि सरांनी खिशातली तांबडी पेन्सिल काढून तक्त्याच्या कडेला लिहिलं, "ठोका हळू. आठ चित्रं वाढवा." खाली सही केली.

झालं. पाय आधीच दाबलेला, पण ठोका आपला निवांत खाली येतोय, आणि हात सावकाश बाहेर निघतोय. बघायला कसं, एकदम छान. मी म्हटलं, सर, मशीन काय आपल्या चित्राचं ऐकतं व्हय? सर म्हणाले, अगं, हे चित्र आहे, चौकशी अहवाल नाही. बघणाऱ्याला बरं वाटलं पाहिजे.

आणि नाव. फिल्मच्या शेवटी माझं नाव येणार होतं. सर म्हणाले, धुरपता काय लिहितेस, मोठ्या कारखान्यात जाणार आहे, दीपा लिही. मी दीपा लिहिलं. बापानं ठेवलेलं नाव मी माझ्या हातानं खोडलं आणि वरून सरांना थँक्यू म्हटलं. तेव्हापासून गल्लीतही दीपाच झाले. त्याच आठवड्यात विद्यापीठाच्या नामांतराचा मोर्चा कॉलेजवरून गेला. वर्गातली अर्धी पोरं खिडकीत, दोघं-तिघं खाली रस्त्यावर. सरांनी खिडक्या लावून घेतल्या. म्हणाले, एका नावापायी सगळं शहर वेठीला धरायचं, कमाल आहे. आम्ही हसलो. मीपण हसले, दीपा.

त्या मोर्च्यात आमच्या गल्लीतला गौतमदादा होता. माझ्या खोलीसमोर त्याचं घर. त्याची आई मला भाकरी द्यायची, मी तिच्या नातवाला चित्रं काढून द्यायची. गौतमदादा त्याच कारखान्यात माल बांधायच्या खात्यात होता. दिवाळीनंतर त्याला प्रेसवर घेतलं. पहिल्या दिवशी काय केलं? एका खोलीत बसवलं, माझी फिल्म दाखवली, तीनदा दाखवली, आणि म्हणाले, बघितलंस ना, जा आता.

विसाव्या दिवशी त्याची डाव्या हाताची तीन बोटं गेली.

मी दवाखान्यात गेले तेव्हा तो माझ्यावर चिडला नाही. तो मलाच समजावून सांगत होता. म्हणाला, "दीपाताई, सिनेमात पाय दाबल्यावर हात आरामात निघत होता. मी तसंच केलं. माझंच कायतरी चुकलं असंल." मी उशाशी मोसंबी ठेवली आणि आले.

मग कारखान्यानं चौकशी लावली. चौकशीत काय लिहिलं माहीत आहे? हा माणूस आदल्या आठवड्यात पुन्हा एका मोर्च्याला गेला होता. याचं कामात लक्ष नव्हतं. याचं डोकं घोषणांनी भरलेलं होतं. सबब चूक याची आहे, याला कामावर ठेवता येणार नाही. अरे, मोर्चा रविवारी, बोटं गेली शुक्रवारी. मधले चार दिवस हाच माणूस त्याच मशीनवर नग भरत होता, तेव्हा त्याचं डोकं कशानं भरलं होतं? तेव्हा चाललं तुम्हाला. आणि नावासाठी रस्त्यावर उतरणं हा काय आजार आहे, की त्यानं हाताची बोटं तुटावीत?

आणि या चौकशीला आपल्या सरांनी लेखी दिलं. मी तो कागद बघितलाय. "सदर फिल्म यंत्राच्या वेळेबरहुकूम केलेली असून ती पाहून कोणाची चूक होणे शक्य नाही." खाली सही. तीच सही, जी माझ्या तक्त्यावर आहे. आयुष्यात एक रेघ खोटी ओढली नाही म्हणे.

पंधरा दिवसांपूर्वी मी सरांना भेटायला दवाखान्यात गेले. दुपारची वेळ होती, काकू डबा आणायला घरी गेल्या होत्या. सर बरे दिसत होते, उशीला टेकून बसले होते. मी पाया पडले नाही. सरळ म्हटलं, सर, महिनाअखेरच्या सोमवारी त्या चौकशीवर त्याचं म्हणणं ऐकायची शेवटची तारीख आहे. दोन ओळी लिहून द्या, की तुमच्या सांगण्यावरून ठोका हळू केला. त्याची नोकरी राहील. कागद-पेन मी सोबत घेऊन गेले होते. सरांनी कागद हातात घेतला. पेनाचं टोपण काढलं. मला वाटलं, लिहितात. मग कागद मला परत दिला आणि म्हणाले, "तीस वर्षं शिकवलंय गं या शहरात. माझं नाव तेवढं राहू दे."

मी तिथंच भांडले. आजारी माणसाशी भांडले, शरम वाटली नाही आणि अजून वाटत नाही. मी विचारलं, तुमचं तेवढं नाव, आणि त्याचं? तुमच्या नावापायी त्याचं घर बसलं तरी चालेल? सरांनी तोंड भिंतीकडं केलं. त्यानंतर माझी-त्यांची भेट नाही. सर परवा गेले.

आता तुम्ही म्हणाल, गेलेल्या माणसाबद्दल असं बोलू नये. का बोलू नये? गेलेल्या माणसाची सही गेली का? ती तर कागदावर तशीच आहे, आणि येत्या सोमवारी ती गौतमदादाच्या विरोधात वाचली जाणार आहे. सर जिवंत असते तर निदान त्यांना तिथं बोलावता आलं असतं. आता तुम्ही त्यांना देवमाणूस करून टाकलं. देवमाणसाची साक्ष कोण खोटी ठरवणार? तुमच्या एकेका भाषणानं तो कागद पक्का होत चाललाय, कळतंय का तुम्हाला? साहेबांना कळतंय. म्हणून तर हार एवढा मोठा आहे.

साहेब, परीक्षा झाली की तुमच्या जाहिरात खात्यात मला घेणार होतात. गेल्या महिन्यात बोलावून सांगितलंत. चहा पाजलात. ती जागा राहू द्या तुमच्याजवळ.

रशीदचाचा, तुम्ही मागं दाराशी उभे आहात, मला दिसतंय. तुमच्यावर मी जोर करणार नाही, तुम्हाला नोकरी आहे, पोरीचं लग्न आहे. पण ती पहिली कच्ची फिल्म तुम्ही लावली होती, आणि लावून काय म्हणालात ते मला आठवतंय. तुम्हालाही आठवत असेल.

आता एकच राहिलं.

गौतमदादा शेवटच्या रांगेत बसलाय. मीच त्याला बोलावलं. तो म्हणत होता, मातीला गेलो नाही, निदान सभेला जाऊ, माणूस गेलाय. बघा, तो कशासाठी आलाय आणि आपण कशासाठी आलोय.

दादा, सगळं तुला ठाऊक आहे. साहेबांनी काय मागितलं, सरांनी काय लिहिलं. एक तू कधी विचारलं नाहीस. ती आठ चित्रं काढली कुणी? तुला वाटलं असणार, सरांनी. सरांचा हात तेव्हाच थरथरायचा दादा, त्यांना सरळ रेघ ओढता येत नव्हती. ती मी काढली. एका दुपारी खिडकीपाशी बसून, आठच्या आठ, नीट, न चुकता. घड्याळ घेऊन प्रेसच्या खात्यात मी उभी राहिले होते. मशीन तसं पडत नाही हे या कॉलेजात सगळ्यांत जास्त मला माहीत होतं. मी वर तोंड करून सरांना एक प्रश्न विचारला, तेवढ्यानं माझं मन भागलं, आणि खाली मान घालून काढायला बसले. मला फिल्म पुरी व्हायला पाहिजे होती. शेवटी नाव यायला पाहिजे होतं, खोटं का होईना. वर्ष होत आलं, आपण एका नळावर पाणी भरतो. तुझ्या आईच्या हातची भाकरी खाते मी. आणि हे मी तुला सांगितलं नाही.

सोमवारी तक्ता घेऊन मी तुझ्यासोबत येणार. सरांचं अक्षर दाखवीन, आणि चित्रं माझी आहेत म्हणून सांगीन. तिथं धुरपता म्हणून सही करीन. त्यानंतर तुला माझ्याशी बोलायचं नसेल तर बोलू नकोस.

सर, तुम्हाला शांती लाभो असं म्हणायला माझं तोंड उघडत नाही. तुम्ही मला मोजायला शिकवलं, त्याबद्दल नमस्कार करते. बाकीचा हिशेब माझ्याकडेच राहू दे.

चला, उभे राहा सगळे. मीपण राहते. कुणी कुणाकडं बघू नका, दोन मिनिटं तोंडं मिटून उभे राहू. गौतमदादा, तू बसून राहा. तुला उठायची गरज नाही.