आईच्या नावाचं शेपूट

मुलगी : प्रोग्रॅम जोडताना तिसऱ्यांदा तेच म्हणतोय कॉम्प्युटर, बाबा. ‘आई_ हे नाव दोन ठिकाणी सापडलं, जोडता येत नाही.’

बाबा : दोन आया? कुठून आणल्यास?

मुलगी : एक तुमचीच. तीस वर्षांपूर्वी तुम्ही फॉर्ट्रान भाषेत लिहिलेलं फंक्शन, धरणाच्या पाण्याचा आकडा तपासणारं. दुसरी माझी, सी भाषेतली. आकडा स्क्रीनवर जाण्याआधी ती तपासते.

बाबा : मग वेगळं नाव सुचलं नाही का, बये?

मुलगी : या घरात तपासायचं काम दुसरं कोण करतं? आणि वेगळंच ठेवलंय की. तुमची नुसती ‘आई’. माझ्या आईला मागे आडवी रेघ लावली. शेपूट.

बाबा : अगं, तिथेच माशी शिंकली! माझा कोड यंत्राच्या भाषेत नेणारा कंपायलर प्रत्येक नावाला स्वतःहून तेच शेपूट लावतो. म्हणजे माझीही झाली ‘आई_’.

मुलगी : अरे देवा! तुमची बाकीची फंक्शनं बोलावताना मी रोज शेपूट लावते. आईच्या वेळीच कशी विसरले?

बाबा : आईला गृहीत धरायची आपल्याला सवयच आहे. जाऊ दे, माझ्या आईचं नाव बदल.

मुलगी : मुळीच नाही. तुमच्या कोडला हात लावला की सगळी तपासणी पहिल्यापासून. दुपारी साहेब बघायला येतायत. ते आधीच म्हणतात, जुनं कशाला जोडत बसता, फेकून द्या.

बाबा : फेकलं तर फेकलं. आता मला काय त्याचं!

मुलगी : मला आहे ना. उपाय सांगा.

बाबा : तुझी आई तुझ्या फाइलबाहेर कुणाला लागते?

मुलगी : कुणालाच नाही.

बाबा : मग तिच्यापुढे ‘स्टॅटिक’ लिही. फाइलीच्या आत तिला खुशाल आई म्हण, बाहेर जोडणाऱ्याला ती दिसणारच नाही.

मुलगी : एवढंच? थांबा हं... जोडलं! बाबा, जोडलं गेलं! आणि धरणाची पातळी बघा, तुमच्या जुन्या वहीत आहे तीच. दशांशासकट!

आई : (दारातून) माझ्या नावाने मघापासून काय शंख चाललाय?

मुलगी : आम्ही दोघांनी एकेका फंक्शनला तुझं नाव दिलंय. न ठरवता.

आई : एक पुरत नव्हती? करतात काय त्या?

बाबा : आकडा जरा विचित्र वाटला, की पुन्हा मोजायला लावतात.

मुलगी : ओरडत नाहीत हं. नुसत्या विचारत राहतात. तिसऱ्यांदा येईल ते खरं मानतात.

आई : असं होय. अहो, ते तुमचं जुनं फेकून दिलं असतं, तर वाईट वाटलं असतं का हो?

बाबा : छे!

आई : वाटलं असतं?

बाबा : नाही गं. यंत्रातलं काम ते, कधीतरी जायचंच.

आई : वाटलं असतं?

बाबा : ...खूप.