सव्वा मूठ गहू आणि खेरडीचा रस्ता

...आणि वर मलाच विचारतात, तुला कुणी सांगितलं नाही का? आता तुम्हीच बोला, सांगितलं असतं तर मी विचारत बसलो असतो का?

तुम्हाला सांगतो, माझं कामच ते आहे, खबर पोचवण्याचं. सिल्वासात सुताच्या कंपनीत नेटवर्क सांभाळतो. ऑफिस आमलीला, कारखाना गलोंड्याला, गोडाऊन खेरडीला, तिन्हीकडे एकेक राउटर. आता राउटर म्हणजे काय, तर चौकातला पानवाला. पत्ता विचारा, तो म्हणणार, पुढच्या चौकात जा, तिथे सांगतील. सगळं गाव त्याने कुठे पाहिलेलं असतं? शेजारचा सांगेल ते लक्षात ठेवायचं नि पुढच्याला सांगायचं. आणि सारखं एकमेकांना विचारत राहतात, मी आहे, तू आहेस ना? मी आहे, तू आहेस ना? दिवसभर हेच हो! एवढं तर मला... जाऊ द्या. माझ्या खोलीवर सरुबाईंचा डबा येतो, तोसुद्धा दाराला अडकवलेला असतो.

तर शनिवारी जेसीबीने गलोंड्याहून खेरडीला जाणारी केबल तोडली. गलोंड्याचा राउटर म्हणाला, माझा खेरडीचा रस्ता गेला. आमलीचा लगेच पुढे, मला माहितीये की रस्ता, माझ्याकडे पाठव. अरे बाबा, तो तू ऐकलास कुणाकडून? गलोंड्याकडूनच ना? पण ते तो बोलत नाही. मग गलोंडा पाठवतोय आमलीला, आमली पाठवतोय गलोंड्याला, खेरडीला काही पोचत नाही, आणि दोघंही निवांत... सांगितलं असेल कुणीतरी! मॅनेजर भावेशभाई माझ्या डोक्यावर उभे, "जयवंतभाई, लाइट तो चालू छे, तो नेट केम नथी चालतू?" आता काय सांगू यांना, दिवे लागलेले असतात हो, म्हणून काय बोलणं होतं?

शेवटी एक साधा नियम चालू केला, कुणीतरी बंद करून ठेवलेला: ज्याच्याकडून रस्ता ऐकलास, त्यालाच तो परत शिकवायचा नाही. फिरणं थांबलं. केबल रविवारी जोडायची होती. भावेशभाई म्हणाले, "रविवारे आवशो?" म्हटलं येतो, मला कुठे जायचंय.

खरं तर जायचं होतं. आमच्याकडे शहाद्याला श्रावणातल्या एका रविवारी कानबाई देवी बसते. सगळे भाऊबंद जमतात, आणि नैवेद्याच्या रोटांसाठी गहू घेतात तो घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ. हे रोट बाहेरच्याला देत नाहीत, घरच्यांनीच संपवायचे. यंदा काका वारले, त्यामुळे बसवायची की नाही ते ठरायचं होतं. ठरलं की कळवतो, असं माझा भाऊ संजू म्हणाला होता. मी आपला फोन चार्जिंगला लावून शेजारी बसलेला... नाही आला. म्हटलं, नसेल बसवणार.

सोमवारी बघतो तर पुतण्याच्या, चेतनच्या स्टेटसला कानबाई! नथ घालून, फुलांत मढून, आणि मागे सगळे, अगदी सगळे दाटीवाटीने उभे.

संजूला लावला फोन. "अरे, मी अलकाला म्हटलं होतं ना, ती तुला सांगणार होती." अलका आमची बहीण, धुळ्याला असते. तिला लावला. "मला वाटलं संजूच बोलला असेल. तू आला नाहीस, तर आम्ही म्हटलं रजा मिळाली नसेल बिचाऱ्याला." सांगितलं असेल कुणीतरी!

राग नाही आला, वाईट वाटलं. फार वाईट वाटलं. कारण राउटरांचं मला माहितीये ना, ज्याची बराच वेळ खबर नाही त्याचं नाव ते पुसून टाकतात. म्हणून थेट वडिलांना फोन केला आणि एवढंच विचारलं, आबा, माझी मूठ घातली होती का?

आबा म्हणाले, "घाली ना रे भो. मीच घाली. तुना वाटाना रोट उरना, मंग आम्ही बठ्ठासनी वाटी खादा."

म्हणजे नाव होतं हो माझं, माझ्या वाट्याचा रोट सगळ्यांनी वाटून खाल्ला. मी फोन जरा लांब धरला, नाक ओढलेलं ऐकू जायला नको.

"तू मनले लाई लेऊ नको," आबा म्हणाले, "पुढला साल मी सोता सांगसू तुले." बरं वाटलं, तुम्हाला सांगतो, किती बरं वाटलं... तोच आबा पुढे म्हणतात, "आतेच संजूले सांगी ठेवस. तो अलकाले सांगी, ती तुले सांगी."

मी म्हटलं, बरं.